कोळंबीचं पाणी

सांता मार्ता,
३ मार्च १९९६

ती. एदिल्माताईस,

धाकट्या दामारिसचा सा. न. वि. वि.

तू मेदेयीनला पोचलीस हे बसच्या ड्रायव्हरकडून कळलं. लुस्दारीला डॉक्टरांनी बाळ होईपर्यंत अंथरुणातून उठू नको म्हटलंय, तर खरंच उठू देऊ नकोस. लेक तुझ्यावर गेलीय, तुझी नजर चुकवून उठेल.

तुझे मासे ठीक आहेत. काचपेटीवर चिकटवलेला कागद रोज वाचते. शाळा सुटून तीन वर्षं झाली, तुझा फळा काही सुटला नाही. सकाळी लहान चमचाभर, संध्याकाळी लहान चमचाभर. दोन मिनिटांत संपेल तेवढंच. गोठवलेली कोळंबी गाळणीत धुवायची, सुटलेलं पाणी मोरीत ओतायचं. मी रोज साठ माणसांचा माशांचा रस्सा रांधणारी बाई, आणि माझ्या हातात हा बाहुलीचा चमचा! तुझी लाडकी मासळी मार्केसा तर रविवारी उशिरा आलेली गिऱ्हाइकं रिकाम्या पातेल्याकडे बघतात तशी बघते. अकरा वर्षांची, ताटलीएवढी, निळी-पिवळी, कपाळावर मुकुट, आणि जेवण चिमणीचं. ती चार बारकी पोरंसुद्धा तिच्यामागून काचेवर तोंडं घासतात.

काल नळीत पेटीचं पाणी घेऊन तपासणीचे थेंब टाकून पाहिले. रंग पिवळा. तुझ्या वहीत नायट्रेट दहा असं लिहिलं. खूश?

लोभ आहेच, ओरडताना थोडा कमी करशील एवढंच.

तुझी,
दामारिस

---

मेदेयीन,
१४ मार्च

चि. दामारिस हिस अ. उ. आ.

दहा वाचून खूश झाले. इथे दुसरं खूश होण्यासारखं नाही. लुस्दारीचा रक्तदाब वर-खाली होतो, आणि मी दिवसभर तिच्या पायाशी बसून असते.

तुझा हात मला माहीत आहे. तो रश्श्याच्या डावाचा हात आहे, चमच्याचा नाही. म्हणून पुन्हा लिहिते. माशांनी खाल्लेलं काय आणि खाली पडलेलं काय, शेवटी त्या पेटीतच कुजतं आणि त्याचं नायट्रेट होतं. समुद्राला भिंती नाहीत, पेटीला आहेत. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसेल, वास येणार नाही, आणि तरी मासा आतून झिजत जाईल. डोळ्यांवर विश्वास नको, नळीवर ठेव; पिवळं ते चांगलं, लाल ते विष. दर पंधरवड्याला मच्छीमार एवारिस्तो खोल समुद्रातून पाण्याचे कॅन आणून देईल. त्याला कॉफी दे, नाहीतर तो किनाऱ्यावरचंच भरून आणतो.

दुरून का होईना, माझी माया तुझ्यापाशी आहे.

एदिल्मा

---

सांता मार्ता,
१० एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

लुस्दारीला सातवा पूर्ण झाला म्हणे. चला, दोनच महिने उरले. शेजारची आजी सांगत होती की पोट पुढे टोकदार असेल तर मुलगा. तू हसशील, पण तिचं दोनदा बरोबर आलंय.

मार्केसा जरा मलूल वाटते. निळा रंग फिका दिसतो, आणि डोळ्याजवळ टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडलेत. खाते, पण पूर्वीसारखं झेपावून नाही. पाणी तसं ठीकच आहे. पिवळं, दहा. खानावळीत गर्दी फार आहे, म्हणून इथेच थांबते.

आठवण ठेव.

दामारिस

---

मेदेयीन,
१९ एप्रिल

चि. दामारिस हिस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून काळजीत पडले. पाणी दहावर असेल तर दोष पाण्याचा नाही, खाण्याचा आहे. नुसत्या कोळंबीवर या माशांचं भागत नाही. तिला माकूल बारीक चिरून दे, समुद्री शेवाळाची पानं दे, आणि खाणं दोनाऐवजी चार वेळा कर. उपासाने ती फिकी पडत असेल. तू आहेस म्हणून मी इथे निवांत बसू शकते, हे एकदा लिहायचं राहून गेलं होतं.

तुझ्या हातांना आशीर्वाद.

एदिल्मा

---

सांता मार्ता,
१२ मे

ती. ताई,

आज नमस्कार लिहायला हात उचलत नाही. औषधांच्या दुकानात फोन आहे, पण माझा आवाज तू दोन शब्दांत ओळखशील, म्हणून लिहिते.

मार्केसा गेली. गुरुवारी सकाळी पेटीच्या तळाशी आडवी पडली होती.

तुझ्या वहीतले मार्चच्या अखेरीपासूनचे सगळे आकडे खोटे आहेत. रंग पहिल्यांदा नारिंगी आला तेव्हा वाटलं, थेंब जास्त पडले असतील. पुढच्या खेपेला लाल आला. मी नळी धुऊन ठेवली आणि दहा लिहिलं. त्यानंतर दर रविवारी लालच येत होता आणि मी दहाच लिहीत होते. तुझं ‘चार वेळा घाल’ आलं तेव्हा खरं सांगायची शेवटची संधी होती. मी माकूल चिरायला बसले.

आणि कोळंबीचं पाणी. ते मी एकदाही मोरीत ओतलं नाही. आई म्हणायची ना, कोळंबीचं पाणी फेकणारी बाई उद्या नवऱ्यालाही फेकेल. आपल्या घरात शिंपल्यांचं, खेकड्यांचं, कशाचंच पाणी कधी वाया गेलं नाही. मला वाटलं, सगळी ताकद तर त्यातच; तुझ्यासारख्या शिकलेल्या बाईला काय ठाऊक. रोज वाटीभर पेटीत ओतत होते. कालच तुझ्या कपाटातलं पुस्तक काढून वाचलं. पेटी सगळ्यात जास्त त्याच पाण्याने नासते म्हणे.

आई केळीच्या मळ्यावर कामाला जायची तेव्हा तू बारा वर्षांची होतीस आणि आम्हाला मोजून वाढायचीस. तुझा तो चमचा बघितला की मला ते ताट आठवायचं आणि हात सैल सुटायचा. असं पत्रात लिहायचं मी ठरवलं होतं. पण ते पूर्ण खरं नाही. खरं असं, की मी खोलीत आले की मासे काचेवर गर्दी करायचे. तुझ्यासाठी करतात त्याहून जास्त. मला ते फार आवडायचं. शेजारणीला बोलावून दाखवलंसुद्धा, की बघ, ताईला विसरले. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, एका माशाच्या मायेत बहिणीला हरवायला निघाले होते.

तिच्यासारखीच दिसणारी दुसरी मासळी मिळेल का, हेही एवारिस्तोला विचारून बघितलं. तेवढं करून मग हे पत्र लिहायला बसले. तेही तुला कळलेलं बरं.

दामारिस

---

मेदेयीन,
२१ मे

दामारिस,

लुस्दारीला मुलगी झाली. लवकर आली, लहान आहे, पण दूध ओढते. दोघी बऱ्या आहेत.

तुझं पत्र मी तीन दिवस उशीखाली ठेवलं. कोळंबीच्या पाण्याचा मला राग नाही. सव्वीस वर्षं परक्या मुलांना प्रत्येक गोष्टीचं कारण समजावलं आणि बहिणीसाठी नुसता हुकूम चिकटवून आले. ती चूक माझी. पण तू दहा लिहिलंस, आणि मी त्या दहावर भरवसा ठेवून खाणं दुप्पट करायला सांगितलं. माझ्याच शब्दाने तिला मारलंस. हे मला अजून गिळता येत नाही, आणि येतंय असं मी लिहिणार नाही.

उरलेल्या चौघांना एक दिवस उपाशी ठेव. नंतर कोळंबी धुऊन, थोडी. तिसऱ्या दिवशी पाचवा हिस्सा पाणी बदल. एकदम सगळं बदलू नकोस, तोही धक्का असतो. पेटीतला मळका फेस साठतो ते भांडं आणि पाणी गाळायच्या यंत्राचा स्पंज रोज धू. दुसरी मासळी आणू नकोस.

मार्केसाचं काय केलंस ते लिहिलं नाहीस. मी ८ जूनला सकाळच्या बसने येते.

एदिल्मा

---

सांता मार्ता,
२ जून

ती. ताईस,

दामारिसचा सा. न. वि. वि.

बाळाचं ऐकून खानावळीत सगळ्यांना नारळाचा भात वाटला. कारण मात्र एवढंच सांगितलं की आजी झाले.

मार्केसाला एवारिस्तोने नेलं. मी तिला केळीच्या पानात गुंडाळून धक्क्यावर घेऊन गेले होते. तो म्हणाला की बाई, तळहाताएवढी होती तेव्हा हिला मीच जाळ्यातून काढून ताईंना दिली होती, आता परत न्यायचं कामही माझंच. वर म्हणाला, तुम्ही रश्श्यात टाकली नाहीत हेच पुष्कळ. मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी धक्क्यावरच खाली बसले. जिथून आपलं पाणी येतं तिथेच सोडली असं तो सांगतो.

पाणी तीनदा बदललं. चौघं जिवंत आहेत. आज नळी नारिंगी आली, चाळीस. लिहिताना मनात आलं की वीस लिहावं, तू येईपर्यंत तेवढं होईलच. चाळीस लिहिलं आहे.

तू यायच्या दिवशी मी सिएनागाला मासळी घ्यायला जाणार होते. दुपारपर्यंत परतले नसते, तोवर तू पेटी एकटीने बघून घेतली असतीस. तसं गाडीवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. आज जाऊन नाही म्हटलं. सकाळी मी बसथांब्यावर उभी असेन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, बघायचं नसेल तर बघूही नकोस. पण एवढ्या लांबून येशील, तुझी पिशवी तरी माझ्या हातात दे.

दामारिस