आठ तासांचा आकडा

ता. ६ सप्टेंबर

चि. शहाणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. टर्बाइनच्या घरघरीनं माझे कान गेलेत, फोनवर अर्धं बोलणं वाया जातं, त्यामुळे आपलं कागदावरच बरं. तुमचं ऊर्जा खातं कोळसा कायमचा विझवणार हे ऐकून तुझी वहिनी म्हणाली, चला, चादरी तरी पांढऱ्या वाळतील. मलाही वाईट वाटत नाही. एकतीस वर्षं हा धूर गिळलाय.

बंद बॉयलर पेटवून वीज द्यायला किती वेळ लागतो, असं विचारलंस. तुझ्या दादाच्या हातात असेल तर आठ तास. शनिवारी विझवलेलं धूड रविवारी आठ तासांत कामाला जुंपतो. खुशाल मिरव साहेबांपुढे.

खुशाली कळवत जा, माया आटू देऊ नकोस.
तुझा दादा

ता. २१ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

धोरण मंजूर झालं. सूर्य आणि वारा यांवर सगळा देश चालणार. वारा पडलाच तर आधाराला तीन कोळसा केंद्रं राखीव ठेवायची होती, पण तुझ्या आठ तासांनी बाजी मारली. एवढ्या लवकर वीज मिळत असेल तर एकच केंद्र पुरे, असं ठरलं. ते तुझं. बाकीची दोन मोडीत काढायला घेतलीसुद्धा.

आकडा कुठून आणला, असं सचिवांनी विचारलं. मी म्हटलं, ज्यानं तो बॉयलर लेकरासारखा सांभाळलाय त्याच्याकडून. मला फार अभिमान वाटला, दादा.

वहिनीला नमस्कार. लोभ असाच असू दे.
तुझी शहाणी

ता. ३ नोव्हेंबर

चि. शहाणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून घास गोड लागेना. चूक माझी आहे, बढाई मारायची खोड नडली. आठ तास हे आदल्या दिवशी विझवलेल्या, अजून गरम असलेल्या बॉयलरचे. महिनोन्‌महिने गार पडलेल्याला दोन दिवस लागतात. त्याच्या माथ्यावर वाफेचा पोलादी ड्रम असतो, वीतभर जाड. घाईनं तापवला तर आतून फुगतो, बाहेरून गारच राहतो आणि तडकतो. तडकला तर खाली उभा असलेला माणूस सापडत नाही.

थोडा विस्तव ठेवून तो कोमट राखू का, असं मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, हुकूम नसताना एक पाटी कोळसा जाळला तर नियमभंग. निम्मी माणसंही बदलून गेली.

बाई, तो आकडा बदलून घे. माझी लाज राखायच्या भानगडीत पडू नकोस.
तुझा दादा

ता. २७ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तीनदा टिपण पाठवलं. आधी सचिव म्हणाले, केंद्राकडून लेखी मागवा. तुमच्या मॅनेजरनं लिहून दिलं की आठ तास पुरेसे आहेत. खरं लिहिलं असतं तर केंद्रच बंद झालं असतं, हे त्याला ठाऊक आहे. मग सचिव मला म्हणाले, "तुमचाच आकडा तुम्हीच खोडणार? बाकीची दोन केंद्रं आता कुठून आणायची?"

दादा, हुकूम आला तर सरळ नाही म्हण. निवृत्तीला तीनच महिने उरलेत. मला भीती वाटते, आणि ती माझ्याच हातानं ओढवलेली आहे.

रागावू नकोस. जीव तुझ्याकडे लागलाय.
तुझी शहाणी

ता. १४ जानेवारी, दुपारी एक

चि. शहाणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सहा दिवस पान हललेलं नाही, धुक्यानं सूर्यही दिसत नाही. हुकूम सकाळी सातला आला. मी नाही म्हटलं. मॅनेजर म्हणाला, ठीक, मग नवे दोघे पेटवतील. ते दोघे आजवर बॉयलर फक्त पुस्तकात शिकलेत. म्हणून मीच उभा राहिलो आणि सगळ्यांना जाड भिंतीपलीकडे पाठवलं.

ड्रमच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूत पन्नास अंशांचा फरक पोलाद सोसतं. आत्ता एक्याण्णव आहे. आग कमी करायला गेलो की वरून फोन येतो, इस्पितळांच्या बॅटऱ्या संपत आल्या आहेत म्हणून. त्यांचंही खोटं नाही.

चौकशी झालीच तर आकडा दादानं दिला म्हणून सांग. वहिनीला आजचं काही कळवलेलं नाही. तिच्याकडे येत जा.
तुझा दादा

ता. १४ जानेवारी, सव्वातीन

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तीन वाजता कचेरीत दिवे आले आणि सगळे टाळ्या वाजवत उठले. बरोबर आठ तास. मला तुझ्या आठवणीनं रडू आलं. वहिनीला फोन केला, ती म्हणाली, तू डबा न घेताच गेलास.

सचिव माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, पाहिलंत, उगाच घाबरवत होता. पुढच्या हिवाळ्यासाठी सहा तास लिहा. मी अजून लिहिलेलं नाही. आधी तुझ्या तोंडून ऐकायचंय की सगळे सुखरूप आहात. केंद्राचा फोन कुणी उचलत नाही, तुम्ही कामात असाल.

इथवर लिहिलं आणि दिवे गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खोलीतले सगळे माझ्याकडे पाहताहेत. दादा, पत्र मिळताच दोन ओळी टाक.

तुझी शहाणी