चोवीस तासांचं पाणी

सातारा,
६ जानेवारी २०२५

ती. चंपाअक्कास, धरणेंद्रचा शि. सा. न. जय जिनेंद्र.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसायचं म्हणून तू घाबरली आहेस, आणि घाबरूनसुद्धा दिल्लीच्या लेकीसाठी, रूपालीसाठी, शंभर लाडू वळते आहेस, हे दोन्ही कळलं. फोनवर समजावलं असतं, पण तुला ऐकू येत नाही, आणि मी आवाज चढवला की शेजाऱ्यांना वाटतं, मास्तरांचं भाषण सुरू झालं. तेव्हा पत्रच बरं.

पाण्याचं तू विचारलंस. एकतीस वर्षं तू गाळून उकळलेलंच पाणी पितेस आणि सूर्य मावळला की तेही नाही. हा नियम विमानासाठी मोडायचं काहीच कारण नाही. उकळलेलं पाणी चोवीस तास चालतं. पहाटे सांगली सोडताना डबा भरून घे, दुपारी चारला लेकीच्या घरात असशील.

आता महत्त्वाचं. तपासणीच्या जागी पाणी नेऊ देत नाहीत असं म्हणतात. म्हणून आपल्या श्रावक मंडळाच्या लेटरहेडवर इंग्रजीत पत्र टाइप करून सोबत जोडलं आहे. त्यात राज्यघटनेचं कलम आहे आणि अडवलंत तर न्यायालयात उभं करू, असंही बजावलं आहे. ते दाखव आणि ताठ उभी राहा. कुणी काही म्हटलं तरी डबा सोडू नकोस. आपण कुणाच्या मेहेरबानीवर पाणी पीत नाही.

लोभ आहेच, तो प्रवासात सांडू देऊ नकोस.

तुझा,
धरणेंद्र

*

दिल्ली,
१९ जानेवारी २०२५

चि. धरणेंद्र यास, अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र.

गुरुवारी सुखरूप पोचले. रूपाली बरी आहे. इथली थंडी हाडात शिरते.

तू विमानाचं विचारशील म्हणून लिहिते, पण लिहायचाही कंटाळा आला आहे. आधी चप्पल काढा म्हणाले. मग शाल, मग कानातलं यंत्र. यंत्र टोपलीत गेल्यावर पुढचं सगळं मुक्याचं झालं. माणसं माझ्याकडे बघून तोंड हलवत होती आणि मी मान डोलवत होते. जपाची माळ एका टोपलीत, पिशवी दुसरीत. माझी टोपली भलत्याच बाईनं उचलली, तिच्यामागे अनवाणी धावले. लाडवांचा डबा उघडून हातमोज्यांनी एकेक लाडू दाबून पाहिला. चार फुटले. ते त्यांच्यासमोरच खाऊन टाकावेत असं वाटलं, पण घशाखाली उतरले नसते.

पाणी काही नेता आलं नाही. तुझं पत्र दाखवलं होतं. साहेबानं वाचलं. शेवटी वर्दीतल्या एका मुलीनं डबा ड्रमात ओतला. तिच्या छातीवर माया असं नाव होतं. पाटणकडची निघाली. मग धुक्यामुळे विमान पाच तास बसून राहिलं. रूपालीच्या घरी पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते.

दमले आहे रे. परत येतानाही हेच करायचं आहे.

दीपालीच्या बाळंतपणाचं कळव. तुझ्या लेकीवर तुझ्याइतकीच माझी माया आहे, ती तशीच राहू दे.

तुझी,
अक्का

*

सातारा,
२५ जानेवारी २०२५

ती. अक्कास शि. सा. न.

वि. वि. तुझं पत्र वाचून मी जेवलो नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला अनवाणी धावायला लावतात, तिचा कान काढून घेतात आणि वर तिचं पाणी ओततात! सुरक्षेला माझा विरोध नाही. पण ज्या व्यवस्थेला म्हातारीच्या डब्यातलं पाणी आणि स्फोटकं यांतला फरक विचारून समजून घ्यायला वेळ नाही, ती व्यवस्था कुणाचं रक्षण करते? माणसाला टोपलीत घालायच्या वस्तूइतकीच किंमत राहिली आहे.

मी हिशेब मांडला. सकाळी दहाला, तपासणीच्या आधी, तू शेवटचं पाणी प्यालीस. दुसऱ्या दिवशी सूर्योदय सातनंतर. म्हणजे एकवीस तास तू थेंबाशिवाय राहिलीस, आणि तेही मूत्रपिंडाच्या गोळ्या चालू असताना. एकवीस तास! आणि पत्रात त्याबद्दल एक शब्द नाही. हेच तुझं मोठेपण.

९ फेब्रुवारीला सांगलीला सभा आहे, विषय ‘आजच्या काळात संयम’. मी तिथं तुझं उदाहरण देणार आहे. नाव घेऊन देणार. लोकांना कळू दे की व्रत म्हणजे काय. तक्रारही तयार आहे, त्या मायाच्या नावानिशी. सभेत वाचून दाखवीन आणि दुसऱ्या दिवशी पाठवीन. आपल्याच मातीतली मुलगी असून तिला ओतवलं कसं?

दीपाली ठीक आहे. ती म्हणते, बाबा, आधी जेवा, मग पेटा.

तुझ्या आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.

तुझा,
धरणेंद्र

*

दिल्ली,
३० जानेवारी २०२५

चि. धरणेंद्र यास, अनेक आशीर्वाद.

हे पत्र सभेच्या आधी पोचावं म्हणून रूपालीला स्पीड पोस्टानं टाकायला सांगते आहे. तिला काय लिहिलं ते सांगितलेलं नाही.

मला त्या सभेत उभी करू नकोस. मी पाणी प्याले.

विमान आकाशात होतं. खिडकीतून सूर्य बुडालेला दिसला होता, म्हणजे मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, जीभ टाळूला चिकटली होती. विमानातल्या पोरीनं कागदी पेल्यात पाणी पुढं केलं. कुठलं, कसलं, काही विचारलं नाही. एक पेला प्याले आणि दुसरा मागून घेतला. गोड लागलं रे. तेच जास्त बोचतं आहे. एकतीस वर्षांचा नियम गेला आणि जिवाला बरं वाटलं.

आणि त्या मुलीचं नाव कुठं पाठवू नकोस. पहिल्या पत्रात मी अर्धंच लिहिलं. तिनं डबा पाहिल्याबरोबर माझं यंत्र टोपलीतून काढून माझ्या कानात बसवलं आणि म्हणाली, “आवं आजी, हितंच पिऊन घ्या की पोटभर. डबा रिकामा न्या, कोन न्हाई म्हनत न्हाई.” मी झाकण उघडलंसुद्धा होतं. दोन तांबे पाणी पोटात गेलं असतं तर रात्र निघाली असती. पण तू लिहिलं होतंस, पत्र दाखव, ताठ उभी राहा. म्हणून झाकण लावलं आणि पत्र पुढं केलं. साहेबानं न्यायालयाचं वाचलं मात्र, त्याचा चेहराच बदलला. वरच्या साहेबाला बोलावलं. ते येईपर्यंत डब्याला हात लावायचा नाही म्हणाले. चाळीस मिनिटं मी माझ्याच पाण्यासमोर उभी होते. ताठच होते. शेवटी तिला ओतायला सांगितलं. ओतताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

तुझ्यावर राग नाही. तू लहानपणापासून माझ्यासाठी भांडत आलास, शाळेतल्या पोरांशीसुद्धा. पण मला त्या दिवशी भांडायचं नव्हतं. मला पाणी प्यायचं होतं.

मायेत उणं येऊ देऊ नकोस.

तुझी,
अक्का

*

सातारा,
१० फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास धरणेंद्रचा शि. सा. न.

वि. वि. तुझं पत्र ३ तारखेला मिळालं. उत्तराला सात दिवस लागले. पत्राला उत्तर द्यायला मला सात दिवस कधी लागले नव्हते.

तक्रार फाडली. काल सभेला गेलो, उभा राहिलो आणि चार मिनिटांत बसलो. लोकांना वाटलं, घसा धरला. अध्यक्षांनी लवंग दिली. मी ती चघळत बसलो.

गेले सात दिवस त्या इंग्रजी पत्राची प्रत समोर घेऊन बसतो. इंग्रजी चांगलं आहे. कलम बरोबर आहे. त्यात एवढंच नाही की ही माझी बहीण आहे, तिला तहान लागते, तिच्याशी जरा हळू वागा. मी ते पत्र तुझ्यासाठी लिहिलंच नव्हतं. मला कुणाशी तरी भांडायचं होतं, आणि मी तुला पुढं केलं.

नियमाचं म्हणशील, तर तू आल्यावर महाराजांकडे जाऊ. प्रायश्चित्त तू एकटी घेणार नाहीस.

तुझं परतीचं विमानाचं तिकीट रद्द केलं. मी दिल्लीला येतो, दोघं रेल्वेनं येऊ. प्रवास चोवीस तासांहून मोठा आहे, म्हणजे घरून घेतलेलं पाणी वाटेतच बाद होणार. मनमाडला गाडी सकाळी पोचते. तिथल्या एका श्रावकांचा पत्ता मिळवून त्यांना लिहिलं. त्यांच्या सूनबाईंचा फोन आला, गाडीच्या डब्याचा नंबर विचारत होत्या. गाळून, उकळून, निववून फलाटावर घेऊन येतील.

त्यांना साध्या कागदावर लिहिलं होतं, अक्का. मराठीत, चार ओळी. खाली फक्त तुझा भाऊ म्हणून सही केली.

तुला पटेल तेवढीच माया ठेव, मी तक्रार करणार नाही.

तुझा,
धरणेंद्र