पडक्या दातातली शीळ

बाबा, तुम्ही आत्ता आमच्या स्वयंपाकघरात असाल, तर मी मान वर न करता हे लिहितोय म्हणून राग मानू नका. बघायचा धीर होत नाही. तुम्ही गेलात तेव्हा आपण निर्मळला वाडीतच राहत होतो. आता आम्ही आचोळ्यात, तिसऱ्या मजल्यावर असतो. गेल्या महिन्यात तुमची नात मैत्रिणीकडून कुत्र्याचं पिल्लू घेऊन आली. "पप्पा, ट्रेनिंग आत्तापासूनच चालू करायचं हां, मोठा झाला की ऐकणार नाही," म्हणाली. तुम्हीही हेच म्हणायचात.

ती सकाळ मला अजून दिसते. तुम्ही विहिरीपाशी उकिडवे बसलाय. पुढ्यात काळं पिल्लू, त्याच्या पुढ्यात पेजेची करवंटी. ते झेपावतं, तुम्ही हात आडवा धरता. पुन्हा झेपावतं, पुन्हा हात. शेवटी दमून ते खाली बसतं, तुमच्या तोंडाकडे बघतं, आणि तुम्ही पुढच्या पडक्या दाताच्या फटीतून बारीक शीळ घालता. मगच त्यानं खायचं. आई चुलीपासून ओरडते, "अहो, पोर हाय ते, खाऊ द्या ना!" तुम्ही वळूनही बघत नाही. "घुशींसाठी विषाचे गोळे टाकतात लोक. कोनी टाकलेलं खाल्लं तर मरेल. माझी शीळ आयकल्याशिवाय खायचं नाय, हे आताच शिकला पायजे." आधीचा कुत्रा तसाच गेला होता, त्यामुळे आई पुन्हा चुलीकडे वळली.

शिस्त लावण्यात तुमचा हात कुणी धरला नसता. शेजारपाजारची कुत्री मेली, आपला काळ्या जगला. आणि मग तुम्हीच त्याच्या आधी गेलात. बाबा, त्यानंतरचं तुम्हाला कुणी सांगितलं का? आम्ही त्याच्यापुढे भात ठेवला, मासळी ठेवली. मी शीळ घातली, काकांनी घातली, आईनं बिचारीनं पदर तोंडाला लावून घातली. तो एकेकाकडे बघायचा, तोंडातून लाळ गळायची, पण खायचा नाही. तुमच्या फटीतला तो आवाज आमच्या धड दातांतून निघेना. काळ्या वाडीतल्या बावखलाच्या काठी, तळ्याच्या पाण्याकडे तोंड करून मेला. इतकं शिकवलंत आणि त्यातून सोडवायचं कुणालाच शिकवलं नाहीत, याचा मला अजून संताप येतो.

म्हणून या पिल्लाला मी काहीच शिकवायचं नाही असं ठरवलं होतं. पोरगी मोबाइलवर बघून बिस्किटं दाखवत "सीट, सीट" करते, तेवढं चालू दे म्हटलं. पण तिनं वाटी ठेवली की पिल्लू आपणहून बसतं. तिच्याकडे बघतच नाही. फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या रिकाम्या जागेकडे बघतं, उकिडव्या बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल बरोबर तेवढ्या उंचीवर. मग कान ताठ होतात आणि ते खायला लागतं. मला काहीही ऐकू येत नाही. "बघा पप्पा, किती पटकन शिकला!" पोरगी खूश आहे. मी हो म्हणतो.

मागच्या रविवारी मी निर्मळला जाऊन आलो. वाडी आता दुसऱ्यांची आहे, उगाच कुंपणाशी उभा राहिलो. येताना स्कूटर मागे कुणी बसल्यासारखी जड चालत होती. घरी आलो तर पोरगी रडत होती. पिल्लानं सकाळपासून वाटीला तोंड लावलं नव्हतं. मी चपला काढल्या, पाय धुऊन स्वयंपाकघरात गेलो, तर ते माझ्या मागे कुणाकडे तरी बघत शेपटी हलवायला लागलं आणि वाटीत तोंड घातलं.

तेव्हापासून मी घाबरलोय. तुमची भीती वाटत नाही, तुम्ही पुन्हा निघून जाल याची वाटते. या पिल्लाचाही काळ्या होईल. जायच्या आधी त्याला आमच्या पोरीच्या हातचं खायला शिकवा, एवढंच मागणं आहे. हे पत्र पाठवायचं तरी कुठे? घडी घालून फ्रिजवर ठेवतो.

पण बाबा, शिकवायची घाई करू नका. पिल्लू अजून लहान आहे.