एकच रिंग

२ सप्टेंबर
आजपासून रोज लिहिणार. लोहाऱ्यात बास्केटबॉलचा इतिहास घडतोय. चार वर्षं मी इथं तासिकेवर क्रीडा शिक्षक. प्राचार्य म्हणाले, विभागीय स्पर्धेत एक तरी मॅच जिंका, नाहीतर कोर्टवर गाड्यांची शेड होईल आणि पुढच्या वर्षी तुमची ऑर्डर निघणार नाही. एकच मॅच? मी फायनल धरून चाललोय.
उद्या: दुसरी रिंग बसवणे. जुनी गेल्या सुगीत ट्रॉलीच्या धक्क्यानं पडली, नवी स्टोअरमध्ये आहे.

९ सप्टेंबर
रिंग राहिली. पण एका रिंगमुळे एकाग्रता वाढते. पोरं डोळे मिटूनसुद्धा माझ्या उजव्या हाताकडे धावतात.

१९ सप्टेंबर
वेल्डर महांतप्पा स्वतःहून विचारायला आला. पितृपक्षात नवी वस्तू लावू नये, असं सांगितलं. आमच्यात पाळत न्हाईत सर, चला की, म्हणाला. पण माझ्यात पाळतात ना.

२८ सप्टेंबर, एसटीत
उमरग्यात सराव सामना. ११–५२. सुरुवात म्हणून उत्तम. हाफटाइमला बाजू बदलल्यावर पोरं सारखी माझ्याकडे वळून बघत होती. इतका आदर हल्ली कुठं दिसतो?
आमचा उंच खेळाडू रुद्रेश येताना विचारत होता, "सर, अर्ध्यानंतर कुणीकडं टाकायचं?" म्हटलं, विचार करायचा नाही. हात सवयीनं जातो तिकडंच टाकायचं.

६ ऑक्टोबर
तिघं सोयाबीन काढायला गेले. उरले सहा. आटोपशीर टीम. रोज पहाटे सराव, उद्यापासून.
जेवायला वाढताना बायको महेश्वरी म्हणाली, "अहो, ती रिंग तेवढी बसवून घ्या." तिला खेळातलं काय कळतं? पण ताट अर्ध्यावरच सारलं. ऑर्डर गेली तर या वयात मी कुठं जाऊ? भीती वाटते. उद्या नक्की रिंग.

१३ ऑक्टोबर
स्पर्धेच्या तोंडावर पोरांच्या सवयी बिघडवू नयेत. रिंग नंतर.

१४ ऑक्टोबर, धाराशिव, दुपारी २
हाफटाइम. १९–१२ पुढे! आम्ही टाकतोय ती रिंग इथंही माझ्या उजव्या हाताला. शुभशकुन. प्राचार्यांना मेसेज केला: जिंकतोय.

त्याच दिवशी, ४.३०
नीट लिहितो. शेवटचे वीस सेकंद. २७–२६, आम्ही पुढे. नुसता बॉल धरून ठेवला असता तरी चाललं असतं. रुद्रेश निघाला. समोरच्या पोरांनी बाजूला होऊन वाट दिली. मला वाटलं, धाक बसलाय. त्यानं उजवीकडच्या रिंगमध्ये टाकला, सुरेख. सगळ्यांत उंच उडी मी मारली.
मग बोर्ड बघितला. २७–२८.
रुद्रेशचा हात अजून वरच होता. माझ्याकडे बघत होता.

१६ ऑक्टोबर
महांतप्पा कोर्टवर आला. प्राचार्यांनी पाठवलेला, रिंग कापायला. म्हणाला, दुसरी पण द्या सर, दोन्ही संगंच नेतो. स्टोअर उघडून आणली. अजून प्लास्टिकमध्येच होती.
रुद्रेश तिथंच उभा होता. प्लास्टिकवरून हात फिरवत म्हणाला, "सर, ही होती व्हय?"
व्हय म्हणालो. ती धरून कोर्टच्या दरवाजापर्यंत त्यानंच नेली.