आपल्या बोयावरची खूण

प्रिय शेर्विन,

मंगळवारी जे झालं ते तुला सांगायचंय. फोनच केला असता, पण तू लहानपणापासून माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

मागच्या महिन्यात तुमच्या गस्तीच्या बोटीचा वायरलेस भर समुद्रात बंद पडला आणि तुम्ही आठ जण अकरा तास बेपत्ता होतात, तेव्हा मी चर्चमध्ये गुडघे टेकून बसले होते. तू परत आलास, माझ्या हातचं सुरमईचं कालवण ओरपलंस आणि म्हणालास, काही नाही गं, एक चिप गेली. मी तुला चिडवलंसुद्धा, की आमच्याकडून तपासून घेतली असती तर गेली नसती. तू हसला नाहीस. थकला असशील, असं मला वाटलं.

तुला माहीतच आहे, अंधेरीच्या एमआयडीसीत हर्षदशेठच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं मी भिंगाखाली चिपा तपासतेय. तपासलेल्या चिपच्या पोटाला प्रत्येकीने आपली खूण करायची, म्हणजे माल परत आला तर कोणी पास केला ते कळतं. बाकीच्या बायका टिंबं देतात. मी पप्पांची खूण कोरते, जाळं तरंगत ठेवणाऱ्या लाकडी बोयांवर ते कोरायचे ती, दोन आडव्या रेघा आणि मध्ये एक तिरकी. बोया वाहून थेट वर्सोव्याला लागला तरी लोक खूण बघून खारदांड्याला आपल्या दारात आणून द्यायचे. माझं काम असं ओळखू येतं, याचा केवढा तोरा होता मला.

मग ते दोन मोठे देश एकमेकांवर उठले. एकाने चिपा अडवल्या, दुसऱ्याने त्या बनवायला लागणारे धातू. बातम्यांत ते भांडण फार लांबचं वाटायचं, पण इथे आमची टेबलं रिकामी पडली. नवा माल येईना, तेव्हा हर्षदशेठने भंगारातल्या मशीनच्या जुन्या चिपा आणल्या. वरचं नाव घासायचं, काळा रंग द्यायचा, नवी तारीख छापायची. या खेळण्यांत आणि मिक्सरमध्ये जातात, असं तो म्हणाला. खेळण्यांच्या चिपांना नवी तारीख कशाला, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पगार चालू होता, मी गप्प बसले. आणि मूर्खपणा बघ, घासलेल्या चिपांनासुद्धा सवयीने पप्पांची खूण कोरत राहिले.

मंगळवारी दुपारी चौकशीला दोन अधिकारी वर्कशॉपमध्ये आले. त्यांच्याजवळ तुमच्या वायरलेसमधून काढलेल्या चिपचा फोटो होता, पोटाकडून घेतलेला. त्यावर पप्पांची खूण होती, दोन रेघा आणि मध्ये तिरकी. माझ्या भावाच्या बोटीत मीच ती चिप बसवून दिल्यासारखं झालं रे. अधिकाऱ्याने विचारलं, ही खूण कुणाची. हर्षदशेठ म्हणाला, ओरखडा आहे. माझी खूण रोज बघणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. माझ्याही तोंडून निघालं, ओरखडाच आहे, साहेब. त्यावर अधिकाऱ्याने फाईल मिटली आणि सहज म्हणाला, "बोटीवरच्या वायरलेसवाल्यानेही हेच लिहून दिलंय. सेट त्यानेच उघडला होता."

वायरलेसवाला म्हणजे तू. अर्धे बोये तर लहानपणी तूच कोरलेस, तुला ती खूण कळली नाही असं कसं होईल? अकरा तास ती चिप तळहातावर घेऊन तू समुद्रात बसला होतास. मग घरी येऊन माझ्याच पुढ्यात जेवलास आणि खुणेबद्दल एका शब्दाने बोलला नाहीस. उलट माझ्यासाठी खोटं लिहून दिलंस. मंगळवारपासून मी या एकाच गोष्टीने सुन्न झालेय.

सोमवारी सकाळी मी त्या अधिकाऱ्याकडे जाणार आहे. खूण माझी आहे, हे सांगणार आहे, आणि घासलेल्या आणखी किती चिपांवर ती कोरलीय तेही, आठवेल तेवढं. हे पत्र शेजारच्या रोझारिओच्या हाती पाठवतेय ते एवढ्यासाठी, की माझ्याआधी तू जा आणि तुझा जबाब बदलून घे. नाहीतर मी खरं बोलले की तू खोटा ठरशील, आणि तुझी नोकरी जाईल. मला अडवायला येऊ नकोस. कुणी बोया दारात आणून दिला, तर तो आपला नाही असं पप्पा कधी म्हणाले होते का?

तुझीच,
मेबल