धूर दिसला की शाळा

प्रिय सगुणामावशी,

तुम्हाला देवाघरी जाऊन दोन-अडीच महिने झाले नाहीत तोच मी तुमची अब्रू घालवली. वर कुणीतरी चुगली करण्याआधी आपणच सांगून टाकावं, म्हणून लिहितोय. अकरा वर्षं तुम्ही आपल्या शाळेत खिचडी शिजवलीत आणि ती खारट झाली तरी बोलायची माझी हिंमत झाली नाही. आज मात्र सगळं बोलणार आहे.

शाळेत गॅस आला तो दिवस आठवतो का? मी सिलिंडरला हार घातला, फोटो काढून तालुक्याला पाठवला. तुम्ही त्या शेगडीकडे नव्या सुनेकडे बघावं तशा बघत होता. आणि त्याच आठवड्यात पोरं यायची थांबली. पट एकोणीसचा, हजर चार!

मग मी काय काय नाही केलं! प्रभातफेरी काढली, त्या चौघांचीच. नाल्यापलीकडच्या गोंड टोल्यावर, त्या वस्तीत घरोघरी जाऊन शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मला चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी तिकडून एकही पोर आलं नाही. पालकसभेला फक्त तुम्ही आलात. मी चिडून म्हणालो, या लोकांना शाळेची गोडीच नाही. ते वाक्य आठवलं की अजून लाज वाटते.

तुम्ही तांदूळ निवडता निवडता म्हणालात, "गुरुजी, लोकं धूर पाहून राहिले जी. धूर निंगाला का गुरुजी आले, नाई निंगाला तं नाई आले. तुमच्या ग्यासले धूर कुठं हाये?"

मी शहरातल्या धरमपेठेतून मोटारसायकलवर येणारा माणूस. कधी पंक्चर, कधी मीटिंग, कधी मेव्हण्याचं लग्न. टोल्यावरच्या पोरांनी चिखल तुडवत यायचं आणि कुलूप बघून परत जायचं, असं पुष्कळदा झालं होतं. म्हणून तुम्ही नेम ठेवला होता, की माझी गाडी दारात लागल्याशिवाय चूल पेटवायची नाही. म्हणजे पोरांची हजेरी मी घेत होतो आणि माझी हजेरी तुम्ही अख्ख्या टोल्याला दाखवत होता! इतकी वर्षं मला का नाही हो सांगितलंत?

दुसऱ्या दिवशी चूल पेटली, सतरा पोरं आली. सिलिंडर कोपऱ्यात गेला.

तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलात. शाळा उघडली तेव्हा तुमची सून रेखा चुलीशी बसली. लाकडं, तांदूळ, डाळ, सगळं मी तिला समजावलं, फक्त नेम सोडून. एकदा येताना वाटेत पारशिवनीच्या अलीकडे माझी गाडी बंद पडली. हुशारी सुचली. मी रेखाला फोन केला, चूल पेटवून ठेवा, मी आलोच. पोचलो साडेबाराला. तांदळाची कोठी माझ्या कुलपात. रेखा नुसतं पाणी उकळत बसली होती आणि अठरा पोरं उपाशीपोटी घरी गेली होती.

त्यानंतर आम्ही वीटभट्टीसारखा धूर केला. रेखाचे डोळे लाल, माझे लाल, पोर एक नाही. शेवटी चौथीतल्या सोमीच्या बापाला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "आता धुराले काय पाहू गुरुजी? सगुणाबाईचा धूर खोटा नव्हता."

मावशी, मला तिथेच रडू आलं. तुमची अकरा वर्षांची पत मी एका फोनमध्ये उडवली.

त्यातच तालुक्याहून पत्र आलं. पोरं येत नसतील तर आपली शाळा सहा किलोमीटरवरच्या शाळेत मिळवायची. साहेब पाहणीला येणार. रस्ता जंगलाचा, सोमीचा बाप तिला तिकडे धाडणार नाही म्हणतो. शाळा गेली की तिचं शिकणं चौथीतच संपलं.

म्हणून परवा मी वळकटी आणि स्टोव्ह घेऊन गावात राहायला आलो. रेखाने तुमची ओसरी दिली. बायकोला वाटलं होतं मी थट्टा करतोय. वळकटी बांधलेली बघितल्यावर तिने विचारलं, इतकी वर्षं हे का सुचलं नाही? मी स्टोव्ह उचलून गाडीला बांधला.

काल दिवसभर कुणी आलं नाही. आज सकाळी मी दाढी करत होतो, तर सोमी दारात. "गुरुजी, हाये काय?" तोंडाला साबण तसाच, मी म्हणालो, हाव, आहे. तिने माझा स्टोव्ह बघितला, वळकटी बघितली, दोरीवरचा टॉवेल ओला आहे का तेही हात लावून बघितलं. मग टोल्याकडे पळाली. घंटेच्या वेळी बारा पोरं नाला ओलांडून आली.

साहेब काय लिहितील ते लिहोत. मी शब्द देतो मावशी, शाळा आहे तोवर सोमवार ते शनिवार मी इथेच राहीन. आणि साहेबांनी कुलूप लावलंच, तर रोज सकाळी सोमीला मागे बसवून ते सहा किलोमीटर मीच नेईन. तिच्या बापाला हे आजच सांगून आलोय. तो हसला नाही. म्हणाला, पाहू.

तुमच्याच ओसरीवरून,
तुमचा प्रकाश गुरुजी