केसभर कमी

ता. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू तपासलेला सराव पेपर मिळाला. इतका लाल केलायस की पाकीट उघडताच बायकोने विचारलं, हात कापला की काय. सव्वीस वर्षं काचा कापतोय, पण एवढं लाल मी कधी केलेलं नाही.

कारखान्यातला नवा नियम तुला ठाऊकच आहे. शाळेची शेवटची परीक्षा पास नसेल, तर मुख्य कारागीर होता येणार नाही. दोनदा गणितात आपटलो. यंदा तिसरी आणि शेवटची संधी. हुकली तर ती खुर्ची मालकांच्या जावयांना. काचेला धार असते ही बातमी त्यांना गेल्याच महिन्यात लागली, अंगठ्याला.

आता भांडण. √५० मी ७ लिहिलं, ते खोडून तू ५√२ केलंस. हे काय उत्तर झालं? गिऱ्हाइकाला सांगितलं, साहेब, तुमची काच पाच वर्गमूळ दोन, तर तो दुकान बदलेल. वर तू लिहितेस, √२ चे आकडे कधी संपतच नाहीत. शेवटपर्यंत जाऊन पाहून आलं कोण? तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवतानाही ते आकडे पुढे सरकत असतात.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तितका ठेव, शाई तेवढी कमी कर.

तुझा,
चिमण


ता. १३ जून

चि. चिमणला,
अ. उ. आ.

तीस वर्षं मी वर्गात सांगतेय की √२ ही अपरिमेय संख्या आहे, आणि मुलं ते वहीत उतरवून घेतायत. पाहून आलं कोण, असं एकानेही विचारलं नाही. आमचे मुख्याध्यापक याला शिस्त म्हणतात. तुझ्या प्रश्नाने मीच अस्वस्थ झाले. दोन दिवस खडू हातात धरून नुसती उभी होते.

शेवटपर्यंत कुणी गेलेलं नाही, जायची गरजही नाही. समज, √२ हा अपूर्णांक आहे, आणि अंश-छेद जितके लहान होतील तितके तू करून ठेवलेस. वर्ग करून बघ. अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणजे अंश सम. अंश सम, तर त्याच्या वर्गाला चारने भाग जातो, मग छेदही सम निघतो. दोघेही सम, म्हणजे दोघांना अजून दोनने भाग जातो. आणि तू तर म्हणालास की याहून लहान होत नाहीत! म्हणून असा अपूर्णांकच नाही. आणि आकडे कुठे संपले असते, तर अपूर्णांक झालाच असता.

दुसरं. √८ + √१८ चं तू √२६ ठोकलंस. वर्गमुळाच्या आतली माणसं अशी एका खोलीत कोंबता येत नाहीत. ८ म्हणजे ४ × २, म्हणून २√२. १८ म्हणजे ९ × २, म्हणून ३√२. बेरीज ५√२.

आमच्या दारावरची तिकोनी काच फुटली. सध्या पुठ्ठा लावलाय. तू अभ्यास कर, काच मी इथल्याच दुकानातून कापून घेते.

तुझ्या सौ.ला आशीर्वाद. प्रेम आहे, म्हणून रागावते.

तुझी,
ताई


ता. २७ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी सिद्धता तीनदा वाचली. पहिल्यांदा तुझा राग आला, दुसऱ्यांदा दोनचा. तिसऱ्यांदा पटली, पण बरं वाटलं नाही.

काल मात्र गंमत झाली. एकसारख्या खूप खिडक्या असल्या की मी एक लाकडी काठी मापाला तोडून घेतो. तिच्यावर आकडा नसतो. जावईबापूंनी विचारलं, ही किती सेंटिमीटर? म्हटलं, एक काठी. खिडकी दोन काठ्या रुंद, तीन काठ्या उंच. बोलता बोलता माझाच हात थांबला. ताई, √२ ही काठीच ना? दोन काठ्या आणि तीन काठ्या, पाच काठ्या. काठी केवढी, हे विचारायचंच नाही! आणि √३ ही दुसऱ्या मापाची काठी, म्हणून ती हिच्यात मिळवायची नाही.

जावईबापूंना वाटलं, मला झटका आला.

सोबत नवा सराव पेपर. माया कर आणि मग तपास.

चिमण


ता. ९ जुलै

चि. चिमणला,
अ. उ. आ.

काठी वाचून डोळे भरले. वर्गात सांगितली. शेवटच्या बाकावरची मुलगी म्हणाली, मग बाई, आधीच का नाही सांगितलं?

पण पेपर पाहून डोळे कोरडे झाले. √२ ची किंमत तीन स्थळांपर्यंत १.४१४ येते, तू १.४१३ लिहिलीस. काटकोनाच्या बाजू ५ आणि १२, कर्ण १३. तू १२.९! तो एक दशांश कुठे ठेवलास, खिशात? सगळी रीत बरोबर आणि शेवटचा आकडा चूक. असा गेलास तर तिसऱ्यांदाही आपटशील.

मीही वैतागलेय. दारावरच्या काटकोनी चौकटीच्या दोन बाजू पन्नास सेंटिमीटर, म्हणून तिसरी ५०√२. चार स्थळांपर्यंत काढून दुकानदाराला दिली. तो चकित झाला. अगदी तेवढीच कापून दिली, आणि काच चौकटीत जाईना! भिंतीला टेकून उभी आहे, रुसलेल्या पाहुण्यासारखी. पुठ्ठा पुन्हा लावला. तुझे भाऊजी येता-जाता पुठ्ठ्याकडे बघतात.

ताई


ता. १५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी काच वाचून इतका हसलो की काच कापायची हिरकणी हातातून पडली. आणि मग हसू गेलं.

अगं, काच चौकटीएवढी कापतच नाहीत! केसभर कमी कापायची, नाहीतर बसत नाही. जबरदस्तीने बसवली तर उन्हात तडकते. सव्वीस वर्षं माझा हात प्रत्येक मापातून केसभर वजा करतोय, मला न विचारता. ते १२.९ तिथलं आहे. १३ लिहिताना मला काच तडकल्यासारखी वाटते. चूक मला दिसतच नाही, ताई. परीक्षा दहा दिवसांवर आली. या हाताचं काय करू?

चिमण


ता. १९ जुलै

चि. चिमणला,
अ. उ. आ.

आधी माफी. दीड महिना मी जी चूक लाल करत होते, ते तुझं कसब होतं.

एवढंच लक्षात ठेव: परीक्षेच्या कागदाला चौकट नसते. तिथे काही बसवायचं नाही.

परीक्षेला जेवून जा.

ताई


ता. १२ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पेपरात चौरसाचा कर्ण होता, बाजू सहा. ६√२ लिहिलं आणि हात खोडायला निघाला. तो मांडीखाली दाबून ठेवला. पर्यवेक्षक बाई येऊन म्हणाल्या, काही लपवलंय का? म्हटलं, हो, सवय.

आज निकाल लागला. पास झालो! मालकांनी किल्ल्या हातात दिल्या. जावईबापूंनी अभिनंदन केलं आणि विचारलं, पेपर सोपा होता का.

खुर्चीवर बसून पाहिलं. बसवत नाही. उठून कापायच्या टेबलाशी गेलो, आणि पहिलं काम तुझंच घेतोय. दारावरचं माप आकड्यांत पाठवू नकोस. तीन काठ्या घे, चौकटीला लावून तोड, आणि काठ्याच पाठव. वजा काय करायचं ते मी इथे करतो.

लोभातून मात्र काही काढू नकोस. तो पुरता पाठव.

तुझा,
चिमण